परळची सामाईक विहीर

आमच्या यवतमाळकडे दोन भावांच्या वाटण्या झाल्या, की जमीन मोजून वेगळी होते, बैल वेगळे होतात. चुली तर त्याआधीच वेगळ्या झालेल्या असतात. विहीर मात्र वाटता येत नाही. ती कागदावर सामाईक म्हणून राहते आणि मग पाण्याच्या पाळ्या ठरतात. आज थोरल्याची, उद्या धाकट्याची. गाळ कोणी काढायचा, मोटार जळली तर पैसे कोणी भरायचे, ह्यावरून जेवढी भांडणे आमच्या भागात होतात तेवढी धुऱ्यावरूनही होत नसतील. तरी विहीर कोणी बुजवीत नाही. एकट्याच्या ऐपतीत ती बसणारी नसते, आणि तिच्यावाचून दोघांचेही शेत कोरडेच राहावयाचे.

ह्या विहिरीची मला वारंवार आठवण झाली, ती मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयाचा इतिहास चाळताना. दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा तोंडात असताना, कॅन्सरचे नाव कशाला काढता मास्तर, असे कोणी विचारील. पण ज्या आळीतून कोणी ना कोणी कधीतरी ‘टाटाला’ गेले नाही, अशी आळी आमच्या जिल्ह्यात शोधूनच काढावी लागेल. टाटा म्हणजे मुंबई, टाटा म्हणजे धामणगावहून रात्रीची गाडी, टाटा म्हणजे घरातल्या बायकांनी पदराआड पुसलेले डोळे, एवढे आम्हांला ठाऊक असते. त्या रुग्णालयाच्या पाठीशी एक प्रयोगशाळा उभी राहिली, आणि ती कोणा एका पंडिताची नव्हती, अनेकांच्या पाळीने चालणारी होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मी पडलो मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. वैद्यकातले मला जेवढे समजले तेवढेच येथे सांगतो.

ह्या गोष्टीची सुरुवात एका हिऱ्यापासून करता येते.

सर दोराबजी टाटा हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. त्यांच्या पत्नी मेहेरबाई मोठ्या तडफेच्या बाई. साडी नेसून टेनिस खेळत, आणि बालविवाहाच्या चालीविरुद्ध बोलावयास उभ्या राहत. दोराबजींनी त्यांना ‘ज्युबिली’ नावाचा हिरा दिला होता. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहूनही अधिक. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता बँकेत तारण ठेवली. तीत हा हिराही होता असे सांगतात. कारखाना तरला, हिरा घरी परत आला. पण १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वय अवघे बावन्नच्या आतबाहेर. वर्षभराच्या आत दोराबजीही जर्मनीत वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपले जवळजवळ सारे धन विश्वस्तांच्या हाती दिले, आणि पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी वेगळा निधी केला. हिरा पुढे विकला गेला आणि त्याचे पैसेही विश्वस्त निधीत जमा झाले. दुःखात माणसे देवळे बांधतात, घाट बांधतात; ह्या घराने रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली ह्यांच्या हस्ते परळला ते उघडले. खाटा ऐंशी. एवढ्या थोरल्या देशाला ऐंशी खाटा!

त्या ऐंशी खाटांच्या रुग्णालयात प्रयोगशाळेची सूत्रे ज्यांच्या हाती आली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा, लंडनचे एम.डी., आधी शेजारच्याच सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या आत काय मोडतोड केली ते डोळ्यांनी पाहण्याचे शास्त्र. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव घरोघर होते, डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्यांचे नाव तर रुग्णालयापुढच्या रस्त्यालाच दिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण कापून काढलेला तुकडा पुढे कोठे जातो? तो विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात, केसाहूनही कितीतरी पातळ असे त्याचे काप काढतात, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवतात आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग आहे की नाही, असल्यास कोणता, हे तेथे ठरते.

खानोलकरांची दृष्टी अशी, की त्यांना काचपट्टीवर माणसाची राहणीही दिसे. आपल्याकडे धोतर वा साडी कमरेला घट्ट कसून बांधतात; वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसून काहींना कमरेच्या कातडीचा कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवून दिले. बिहारकडे तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या खाचेत धरून ठेवतात. तर रोग नेमका त्याच खाचेत. १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई ह्यांनी चालीरीती आणि कर्करोग ह्या विषयावर अमेरिकेतील शास्त्रीय मासिकात निबंध लिहिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विलायतेच्या पुस्तकात धोतराचा कर्करोग कोठून सापडणार? आपला रोग आपल्यालाच पाहावा लागणार होता, आणि त्यासाठी पाहण्याची साधने आपल्या घरी असावयास हवी होती.

म्हणून १९५२ साली रुग्णालयाच्या जोडीला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. संचालक खानोलकरच. आणि येथून ती विहीर खणावयास प्रारंभ झाला.

वाचकांनी क्षणभर तो काळ डोळ्यांपुढे आणावा. स्वातंत्र्याला पाच वर्षे झालेली. विलायतेहून एक यंत्र आणावयाचे तर परकीय चलनाची टंचाई. संशोधनासाठी एका रक्ताचे, एका वळणाचे उंदीर लागतात. ते येथे कोणत्या दुकानात मिळणार? जिवंत पेशी काचेच्या नळीत वाढवण्याची विद्या लागते; ती कोणत्या शाळेत शिकवीत होते? प्रत्येक संशोधकाने आपापले उंदीर पाळावे, आपापली भट्टी लावावी, असे ठरवले असते तर एकाचेही काम उभे राहिले नसते. जे महाग, जे नाजूक, ज्याला चोवीस तास राखण लागते, ते एकदाच करावे आणि सर्वांनी वापरावे, असा हा व्यवहार होता. आमच्या खेड्यात प्रत्येक कापूसवाला घरी जिन बसवीत नाही, तसेच.

ह्या कामात ज्यांचा हात मोठा त्या डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, वडील पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. १९१७ चा जन्म, हुजूरपागेतले शिक्षण. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलगी वळली वनस्पतींकडे. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी तपासल्या. लग्नानंतर मुंबईस आल्या, खानोलकरांच्या हाताखाली टाटा रुग्णालयात काम करून १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या, आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे ह्या गृहस्थांकडे पेशींची लागवड शिकून आल्या.

लागवड हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शरीरातून काढलेल्या पेशी नळीत ठेवल्या, त्यांना योग्य खाद्य आणि ऊब दिली, तर त्या जगतात व वाढतात. पण तण माजावे तसे जंतू घुसतात, एका रात्रीत सगळे नासते. जॉर्ज गे ह्यांनी नळ्या सावकाश फिरत राहतील असा एक पिंप तयार केला होता, म्हणजे पेशींना कधी खाद्य, कधी हवा असे आळीपाळीने मिळे. ह्याच गे ह्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी आल्या आणि त्या थांबेचनात. बाई त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी आजतागायत जगभर वाढत आहेत. पोलिओची लस पारखावयास त्यांचा उपयोग झाला. मात्र तिला वा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. तिच्या मुलाबाळांना ही हकीकत कळली ती वीसएक वर्षांनी. विहीर सामाईक म्हणावयाची आणि जिच्या शेतात ती खणली तिलाच सांगावयाचे नाही, असा हा प्रकार झाला. आज पेशी राखून ठेवण्यापूर्वी रोग्याची संमती घेतात, ती रीत अशा कथांतूनच रूढ झाली.

असो. रणदिवेबाईंनी परळला पेशी-लागवडीची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ती पहिली. त्याच्या जोडीला उंदीरघर. उंदीर म्हटल्यावर आमच्या भगिनी नाक मुरडतील. परंतु हे उंदीर राजघराण्यासारखे वाढवावे लागतात. सख्ख्या बहीणभावांची सोयरीक निदान वीस पिढ्या करीत नेली, म्हणजे मग एका जातीचे सारे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. मग एकाला औषध द्यावे, दुसऱ्याला देऊ नये, आणि फरक पाहावा. तो फरक औषधाचाच, रक्ताचा नव्हे, असे म्हणता येते. मादी उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांत जाऊ शकतो, असे अमेरिकेत बिटनर ह्यांनी १९३६ साली दाखवले होते. रणदिवेबाईंनी अनुवंश, दूध आणि शरीरातील अंतःस्राव ह्यांचे नाते वर्षानुवर्षे तपासले, आणि परळच्या केंद्राच्या नावाने ओळखली जाणारी उंदरांची एक स्वतंत्र जात तयार केली. ह्या कामाला ठरलेले खाद्य, ठरलेला उजेड, ठरलेली ऊब लागते. एक दिवस पंखा बंद पडला, एक पिंजरा चुकून दुसऱ्याशेजारी उघडा राहिला, तर वीस पिढ्यांची मेहनत पाण्यात. शास्त्रज्ञ निबंध लिहितो, त्यावर त्याचे नाव येते. दिवाळीच्या दिवशीही पिंजऱ्यातला भुसा बदलावयास येणाऱ्या माणसाचे नाव कोठेच नसते. मला तर वाटते, ह्या सगळ्या इतिहासाचे खरे पान उंदीरघराच्या हजेरीपटात असावे.

सामाईक वस्तूचा एक गुण असा, की ती खणणाऱ्याच्या मनात नसलेल्या शेतालाही पाणी देते. कर्करोगासाठी शिकलेल्या पेशी-लागवडीचा उपयोग ह्याच मंडळींनी कुष्ठरोगाकडे केला. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही हे जगप्रसिद्ध दुखणे. परळच्या केंद्रात १९५८ च्या सुमारास, कुष्ठरोग्यांच्या गाठींतून काढलेला एक जंतू मानवी मज्जापेशींच्या लागवडीत वाढला. तो अस्सल कुष्ठजंतू नव्हे, त्याचा दूरचा भाऊबंद, असे पुढे ठरले. पण त्याच्यापासून केलेल्या लशीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. आमच्या वणीपासून वरोऱ्याचे आनंदवन फारसे लांब नाही. त्या बाजूच्या वाचकांना ह्या आकड्याचा अर्थ मी सांगावयास नको.

आता थोडे आमच्या घरच्या विषयाकडे वळतो. विदर्भात खर्रा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट-घोट घोटतात; तो ऐवज गालात धरावयाचा. पानठेल्यापुढे उभे राहून घोटणाऱ्याचा हात पाहत बसणे हा आमच्याकडील एक करमणुकीचा प्रकार आहे. काही वर्षांनी तोंड उघडेनासे होते. भाकरीचा घास जाईना, तिखट लागले की आग. मुंबईचे डॉ. जोशी ह्यांनी १९५३ साली ह्या तोंड आखडण्याच्या विकाराचे वर्णन केले, आणि १९५६ साली टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर ह्यांनी लिहिले, की अशा आखडलेल्या गालांतून पुढे कर्करोग उद्भवताना दिसतो.

पण आतून होते काय? येथे त्या विहिरीचा तिसरा झरा उपयोगी पडला. १९२५ साली कराचीत जन्मलेल्या डॉ. सत्यवती शिरसाट ह्या खानोलकरांच्याच शिष्या. त्यांनी लंडनला जाऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची विद्या घेतली आणि परळला त्याची प्रयोगशाळा लावली. साधा सूक्ष्मदर्शक उजेडाने पाहतो, म्हणून उजेडाच्या लहरीहून बारीक वस्तू त्याला दिसत नाही. हा पाहतो इलेक्ट्रॉनांनी. त्यासाठी तुकड्याचा काप इतका पातळ करावा लागतो, की मेणाच्या जागी कठीण राळ आणि पोलादी पात्याच्या जागी फोडलेल्या काचेची नाहीतर हिऱ्याची धार लागते. (हिरा पुन्हा आलाच!) शिरसाटबाईंनी आणि खानोलकरांनी १९६० साली उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखटपणाचा अर्क लावून हा विकार पाहिला. मिरचीवर तेव्हा मोठा संशय होता. पुढे पारडे सुपारीकडे झुकले, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगकारक आहे असे जाहीर केले. वऱ्हाडी मिरचीची बदनामी टळली म्हणून मला थोडा आनंद झाला, हे लपवीत नाही. परंतु नुसत्या सुपारीला काय होते, असे म्हणणाऱ्यांची मात्र आता सोय राहिली नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांना घेऊन मी परळला गेलो होतो. उतरलो दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत. गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांच्या नावाची पाटी पाहून काकाजींना गावात आल्यासारखे वाटले. तपासणीसाठी गालाचा तुकडा काढला, त्या रात्री त्यांना झोप लागेना.

“बापू,” ते मला म्हणाले, “थो तुकडा त्याइनं फेकून देल्ला असन का रे?”

“नाही काकाजी. मेणात बसवून ठेवतात. वर्षानुवर्षे राहतो म्हणे.”

“माह्या गालाचा तुकडा मुंबईत राहीन?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “राहू दे. मी त काही मुंबईत राहत नाही.” आणि सवयीने त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. त्यातली पुडी मी धामणगावच्या फलाटावरच फेकली होती.

काकाजी त्यानंतर चार वर्षे काढून गेले. तो मेणाचा ठोकळा कोठल्या खणात असेल, मला ठाऊक नाही. पण असे हजारो ठोकळे, रोग्याच्या कागदपत्रांसह क्रमवार लावलेले, हाही सामाईक ठेवाच आहे. आजचा संशोधक तीस वर्षांपूर्वीचा ठोकळा काढतो, त्याचा नवा काप घेतो आणि काढणाऱ्याला ज्याची कल्पनाही नव्हती असा प्रश्न त्याला विचारतो. नोंदवह्यांचेही तसेच. डॉ. ल. ध. संघवी ह्यांनी राव आणि खानोलकर ह्यांच्यासह १९५५ साली तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग ह्यांचे नाते ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत मांडले, ते रोग्यांना एकेक विचारून भरलेल्या कागदांच्या जोरावर. प्रश्न साधे होते. काय चघळता, किती वर्षे, कोणत्या बाजूला? पण ते शेकडो जणांना एकाच पद्धतीने विचारावे लागतात.

कारभाराची कथा थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले. १९६२ मध्ये ते अणुशक्ती खात्याकडे आले, किरणोपचाराचे महत्त्व वाढणार हे ओळखून. त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय असे भाच्याच्या खात्यात आले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. त्याच सुमारास रणदिवेबाईंनी काही वर्षे संशोधन संस्थेची धुराही वाहिली.

परळची जागा पुढे अपुरी पडू लागली. २००२ साली संशोधन संस्था खाडीपलीकडे खारघरला साठ एकरांच्या आवारात गेली. तेथे आता जी सामाईक यंत्रे आहेत त्यांची नावे माझ्या जिभेवर नीट बसत नाहीत, पण काम समजते. एका यंत्रात पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून धावतात आणि यंत्र प्रत्येकीची प्रतवारी लावते. कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर दिवसभरात जेवढ्या गाड्या पाहील तेवढ्या पेशी ते डोळ्याचे पाते लवण्याआधी पाहते. दुसरे यंत्र प्रथिनांचे तुकडे तोलते. तिसरे डीएनएची अक्षरे वाचते. माणसाच्या एका संचात तीनशे कोटी अक्षरे. त्यांतले एखादे चुकले तरी पेशी बेताल होऊ शकते. ह्यांतील एकेका यंत्राची किंमत कोटींत जाते. म्हणून अजूनही पाळी लावावी लागते, वहीत नाव घालावे लागते, आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकही शुल्क भरून पाळी घेतात. यंत्र येते तेव्हा नारळ फुटतो, छायाचित्र निघते. दहा वर्षांनी ते चालू ठेवण्याचे पैसे आणि त्याची खोड जाणणारा माणूस मिळवणे हे खरे काम. आमच्या विहिरीवरही मोटार बसवताना सगळे हजर असतात, गाळ काढताना कोणी नसते.

जागा मोठी झाली, त्याबरोबर एक अडचणही आली. पूर्वी खाट आणि काचपट्टी ह्यांत एका जिन्याचे अंतर होते. आता परळचा रोगी आणि खारघरचे यंत्र ह्यांच्यामध्ये खाडी आहे. म्हणून खारघरलाही रोग्यांसाठी रुग्णालय उभारले. आणि यवतमाळचा रोगी तर दोन्हीकडून सातशे किलोमीटरवर. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना एका जाळ्यात गुंफण्याचे काम टाटा केंद्राने २०१२ पासून हाती घेतले आहे, की उपचाराची पद्धत सगळीकडे एक राहावी आणि जाणकाराचे मत दूरवर पोहोचावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय पूर्वीपासून आहे, आता तेथे आणखीही मोठे रुग्णालय झाले आहे. यवतमाळात १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र आमच्या शाळेच्या वळणावरच्या ठेल्यावर रोज घोटला जातो. आठवीतली मुले डबा खाताना तोंड किती उघडतात, इकडे माझे आता आपोआप लक्ष जाते. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी त्यांना तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगतो. मुलांना तो खेळ वाटतो. गेल्या वर्षी दोघांची तीन बोटे गेली नाहीत. त्यांच्या वडिलांना मी घरी बोलावून घेतले आणि त्यांनाही तीच तीन बोटे धरावयास सांगितली.